सरकबाबा स्टेशनची थोरवी

एका जंगलात इतके प्राणी राहायला आले, इतके आले, की शेवटी त्या जंगलाला शहर म्हणावं लागलं. झाडांना मजले चढले. वडाच्या ज्या ढोलीत पूर्वी एक घुबड एकटं राही, तिथे आता दोन कुटुंबं आणि एक शिकवणीचा वर्ग होता. हत्ती सकाळी फिरायला निघाले की ते जातील तिथे रस्ता रुंद होई, आणि नगरपालिका मागोमाग येऊन त्याचं उद्घाटन करी.

एवढं मोठं शहर म्हटल्यावर तिथे रेल्वे असणारच. रेल्वे होती, म्हणून स्टेशनही होतं. त्या स्टेशनचं नाव होतं सरकबाबा.

हसू नका, मुलांनो. तुमच्या गावाचं नावही बाहेरच्यांना असंच वाटत असतं.

सरकबाबा स्टेशन काही फार थोर नव्हतं. एक फलाट, वर पत्र्याचं छप्पर, एक घंटा आणि घोरपडेमावशींची चहाची टपरी. मावशी जातीच्या घोरपड. सकाळी आपल्या फळीला एकदा चिकटल्या की शेवटची गाडी गेल्याशिवाय सुटत नसत. त्यांच्या चहात आलं इतकं असे, की पहिल्या घोटाला पिणाऱ्याचे कान हलत. सशांचे तर एकमेकांभोवती पीळ पडत.

आणि स्टेशनमास्तर होते दिगंबर गवे.

गवा केवढा असतो ते तुम्ही चित्रात पाहिलंच असेल. स्टेशनमास्तरची खोली गवेमास्तरांच्या खांद्यांपेक्षा अरुंद होती. म्हणून मास्तर बाहेर बसत आणि खोलीत नुसती त्यांची टोपी बसे. मास्तरांना जगात एकच गोष्ट मनापासून आवडे. गाडी आली, उतरणारे उतरले, चढणारे चढले, कुणाचं शेपूट दारात अडकलेलं नाही हे नीट पाहिलं, की हिरवा झेंडा दाखवायचा. झेंडा दाखवताना त्यांना दर वेळी वाटे की ही अवजड गाडी आपण स्वतःच्या खुराने अलगद पुढे ढकलली. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं नव्हतंच ते.

एके दिवशी मुख्य कचेरीचा पोपट आला. कचेरीचे सगळे हुकूम हाच आणायचा. तोंडपाठ करून यायचा आणि घंटेवर बसून म्हणून दाखवायचा. मात्र वाटेत त्याला पेरू आठवला, तर हुकमात पेरूही येई.

पोपट म्हणाला, "स्टेशनं फार झाली आहेत. त्यामुळे गाड्यांना उशीर होतो. पेरू. ज्या स्टेशनांना काही महत्त्व नाही ती बंद करण्यात येतील. ज्यांना थोर इतिहास आहे ती राहतील. पुढच्या पौर्णिमेला करकोचेसाहेब पाहणीला येतील. त्यांना इतिहास दाखवावा. पेरू."

एवढं बोलून तो उडून गेला.

गवेमास्तरांच्या पुढ्यातली वैरण तशीच राहिली. स्टेशन बंद झालं तर पुढचं स्टेशन नदीपलीकडे. तिथे जायचं तर मगरींच्या वस्तीतून जावं लागे. मगरी स्वभावाने वाईट नव्हत्या, पण त्यांच्या जेवणाच्या वेळा ठरलेल्या नव्हत्या. रोज कामाला जाणारे ससे, माहेरी निघालेल्या चितळबाई, गठुळी सांभाळत येणाऱ्या म्हाताऱ्या कोल्हीणबाई, ही सगळी मंडळी मास्तरांच्या डोळ्यांपुढून चालत चालत मगरींच्या वस्तीत शिरली आणि पलीकडून बाहेर येताना काही दिसेना.

त्यांनी ज्याला त्याला विचारलं, की बाबा रे, आपल्या स्टेशनला काही इतिहास आहे का? कुणालाच माहीत नव्हता. शेवटी ते यमूताई सायाळ यांच्याकडे गेले.

यमूताई म्हणजे निवृत्त इतिहास-शिक्षिका. त्या साळिंदर असल्यामुळे त्यांना लेखणीची ददात नव्हती. पाठीवरचा एक काटा उपटायचा, शाईत बुडवायचा आणि लिहायला बसायचं. त्या रागावल्या की सगळ्या लेखण्या एकदम उभ्या राहत, म्हणून त्यांच्याशी बोलणारे जरा लांबच बसत. मास्तरांची हकीकत ऐकून त्या म्हणाल्या की घरी बसून इतिहास सापडत नसतो, जुन्या माणसाला विचारलं पाहिजे. आणि या शहरात सगळ्यात जुने म्हणजे तळ्यातले नाना कासव.

दोघं तळ्यावर गेली. नाना उन्हात दगडावर पसरले होते. प्रश्न नीट ऐकून घ्यायला त्यांना बराच वेळ लागला, पण उत्तर मात्र तयार होतं.

नाना म्हणाले की पूर्वी इथे स्टेशन नव्हतं की शहर नव्हतं. नुसते रूळ होते. नाना तेव्हा तरुण होते आणि पलीकडच्या तळ्यातल्या एका मुलीला बघायला निघाले होते. ते रुळांच्या मधोमध असताना समोरून गाडी आली. ड्रायव्हरने करकचून ब्रेक लावला, डोकं बाहेर काढलं आणि घसा फोडून ओरडायला सुरुवात केली, "सरक, बाबा! सरक, बाबा!"

"मी सरकतच होतो," नाना म्हणाले. "माझा वेग त्याच्या लक्षात आला नाही, एवढंच."

मग काय झालं? डब्यात झोपलेले प्रवासी जागे झाले. गाडी उभी, बाहेर कुणीतरी 'सरकबाबा, सरकबाबा' म्हणून पुकारतंय. त्यांना वाटलं स्टेशन आलं. बरेचसे उतरले. गाडी निघून गेल्यावर कळलं की आपल्याला इथे उतरायचंच नव्हतं. पण तसं कबूल करायची लाज वाटली. म्हणून मग जो तो म्हणू लागला की मला इथेच यायचं होतं, हवा चांगली आहे. आणि त्यांनी तिथेच घरं बांधली.

"म्हणजे आपलं शहर..." गवेमास्तर म्हणाले.

"चुकून झालं," नाना म्हणाले.

गवेमास्तर हसले. गवा हसला की काय होतं ते तुम्ही पाहिलेलं नाही. तळ्याचं पाणी काठावर आलं, बेडूक आंघोळ अर्धी टाकून बाहेर पडले. यमूताईही इतक्या हसल्या की त्यांच्या दोन लेखण्या गळून पडल्या. मग मास्तरांनी विचारलं की ती मुलगी पसंत पडली का. नाना म्हणाले, "मी पोचलो तेव्हा ती आजी झाली होती. पण चांगली होती."

दोघं आनंदाने परत आली. स्टेशनला इतिहास होता, आणि तो गमतीचाही होता.

पण स्टेशन वाचवायला शहराने जी समिती नेमली होती, तिला तो इतिहास आवडला नाही.

समिती म्हणजे मुख्यतः रावसाहेब तरसे. ते शहरातले मोठे पुढारी. तरस असल्यामुळे त्यांना सारखं हसू येई, त्यामुळे ते गंभीर कधी आहेत ते कुणाला कळत नसे आणि प्रत्येक जण आपल्या सोयीने समजे. नानांची गोष्ट ऐकून ते पोट धरून हसले आणि म्हणाले की हा इतिहास करकोचेसाहेबांना सांगितला तर ते नुसतं स्टेशन नाही, शहरच बंद करतील. एका कासवाला बाजूला व्हायला उशीर झाला, हा काय इतिहास आहे?

"बाबा तर आपल्या नावातच आहेत," तरसे म्हणाले. "आपण त्यांना फक्त थोडं मोठं करायचं."

आणि मुलांनो, बाबा मोठे होऊ लागले. आधी असं ठरलं की सरकबाबा नावाचे एक महान तपस्वी याच फलाटावर बसत. फलाट तेव्हा नव्हता, पण ते बसत. मग ठरलं की त्यांनी नुसत्या नजरेने डोंगर सरकवून रुळांना वाट करून दिली. मग माकडं आली आणि म्हणाली की पूल आमच्या पूर्वजांनी बांधला. तिथे पूल नव्हता, तर ती म्हणाली की म्हणूनच त्याचा उल्लेख व्हायला हवा. उंदरांनी बोगद्यावर हक्क सांगितला. कावळ्यांनी सांगितलं की इंजिनाची शिटी आमच्या आजोबांच्या आवाजावरून घेतली आहे, फक्त ती बेसूर झाली.

सुरुवातीला यमूताईंच्या सगळ्या लेखण्या उभ्या राहिल्या. समिती चार हात मागे सरकली. पण पुढे काय झालं कोण जाणे, ताईंना ते लिहायला आवडू लागलं. खरा इतिहास त्यांनी लिहून पाहिला होता, तो एका पिंपळपानावर संपला होता. हा मात्र संपेचना. प्रकरणामागून प्रकरण होत गेलं. काट्यामागून काटा झिजत गेला. ताईंची पाठ इतकी उघडी पडली, की शेजारणी येऊन प्रकृतीची चौकशी करू लागल्या.

एकदा गवेमास्तरांनी ताईंना हळूच विचारलं, की करकोचेसाहेबांनी पुरावा मागितला तर?

"छापून झालं की तोच पुरावा," ताई म्हणाल्या आणि डोंगर सरकवायला परत बसल्या.

मग मास्तरांनीही विचार केला, की डोंगर सरकला काय आणि न सरकला काय, गाडी थांबली म्हणजे झालं. ससे कामावर वेळेवर पोचतील. शेवटी पुस्तकाला स्टेशनमास्तरची संमती लागत होती, ती त्यांनी मुखपृष्ठावर खूर उमटवून दिली. शिवाय चौथ्या प्रकरणात, बाबा गाड्यांना आशीर्वाद कसा देत, ते कुणालाच सुचत नव्हतं. तेव्हा मास्तरच लाजत लाजत म्हणाले, की हिरवं फडकं दाखवून देत असतील.

पौर्णिमेच्या आधी फलाटावर बाबांचा पुतळाही झाला. बाबा कोणत्या जातीचे प्राणी होते यावरून मात्र हाणामारीची वेळ आली. तेव्हा तरसेंनी तोडगा काढला. पुतळ्याला हत्तीचे कान, सिंहाची आयाळ, मोराचा पिसारा, बेडकाचे पाय आणि कावळ्यांच्या आग्रहावरून एक चोच बसवण्यात आली. ते नेमकं काय आहे हे कुणालाच ओळखता येईना, आणि म्हणूनच ते सर्वांना पटलं. लगेच दर्शनाला रांग लागली.

नाना कासवही पाहायला आले. पुतळ्यापुढे थांबून ते बराच वेळ वर बघत राहिले. काहीतरी बोलायला म्हणून त्यांनी मान बाहेर काढली, तर रांग लावणारं माकड म्हणालं, "सरका बाबा, मागे माणसं खोळंबली आहेत."

नानांनी मान आत घेतली आणि ते सरकू लागले.

करकोचेसाहेब आले. ते फार मोठे अधिकारी होते. सदा एका पायावर उभे राहत आणि एखादी गोष्ट मनापासून पटली तरच दुसरा पाय खाली टेकत. त्यांनी पुस्तक चाळलं. पुतळा पाहिला. चौथं प्रकरण वाचताना त्यांचा दुसरा पाय हळूहळू खाली आला आणि टेकला. सगळ्या फलाटाने श्वास सोडला. साहेब म्हणाले, की एवढं थोर स्टेशन आपल्या शहरात आहे याची त्यांना कल्पनाच नव्हती. हे स्टेशन कधीही बंद होणार नाही.

गवेमास्तर ढसाढसा रडले. घोरपडेमावशींनी सगळ्यांना गुळाचा चहा पाजला. सशांचे कान दोन दिवस सुटले नाहीत.

आणि मग पोपट पुन्हा आला.

"हे स्टेशन आता अनमोल ठेवा आहे," पोपट म्हणाला. "त्याची झीज होता कामा नये. फलाटावर थुंकू नये. टपरी लावू नये. पेरू. गर्दी करू नये. गाडी थांबली की फलाट हादरतो, म्हणून यापुढे या स्टेशनवर गाडी थांबणार नाही. पेरू."

मास्तरांना वाटलं, शेवटचं वाक्य पेरूसारखंच चुकून आलं असेल. पण दुसऱ्या दिवशी गाडी आली आणि धाडधाड करत निघून गेली. फलाटावरचे ससे डोळे विस्फारून बघत राहिले. मास्तरांनी सवयीने हिरवा झेंडा दाखवला. गाडी चालवणाऱ्या अस्वलाने पाहिलंसुद्धा नाही.

त्याच दिवशी टपरी हलवायला रेडे आले. मावशी फळीला चिकटलेल्या, त्या सुटेनात. तेव्हा रेड्यांनी त्यांना फळीसकट उचललं आणि सिग्नलच्या पलीकडे घाणेरीच्या झुडपात नेऊन ठेवलं.

मास्तरांच्याने राहवेना. ते नानांना पाठीवर घेऊन तडक करकोचेसाहेबांकडे गेले. त्यांनी सगळं खरं खरं सांगून टाकलं. बाबा नव्हते, डोंगर नव्हता, हे एक साधं स्टेशन आहे, त्याला झिजू द्या, पण गाडी थांबवा.

साहेब शांतपणे म्हणाले, "गवे, तुम्ही स्टेशनमास्तर आहात, इतिहासकार नाही. चौथं प्रकरण वाचा."

"साहेब, चौथं प्रकरण मीच सांगितलं होतं."

"मग तुम्हाला तर हे माहीत असायला हवं."

मास्तरांनी नानांना पुढे केलं. हे तिथे प्रत्यक्ष होते, म्हणाले. साहेबांनी नानांकडे वाकून पाहिलं.

"पुस्तकात तुमचं नाव आहे का?"

"नाही," नाना म्हणाले.

"मग तुम्ही तिथे नव्हता," साहेब म्हणाले, आणि मुलाखत संपली.

तळ्यापाशी उतरताना नाना एवढंच म्हणाले, की मलाही आता खात्री वाटेनाशी झाली आहे.

पुढचे दिवस फार वाईट गेले. सरकबाबा स्टेशनची कीर्ती चहूकडे पसरली. लांबलांबचे पाहुणे ते पाहायला निघत. पण गाडी थांबत नसल्याने त्यांना मगरींच्या वस्तीतून यावं लागे, त्यामुळे निघत त्या मानाने पोचत कमी. ससे तर बिचारे घरीच बसले. मास्तर रोज टोपी झटकून खोलीत ठेवत, पुतळ्याच्या चोचीवरची धूळ पुसत आणि रिकाम्या फलाटावर बसून राहत. झेंडा त्यांनी घडी करून ठेवून दिला. गाडी जाताना ते आता तिकडे पाठ करून बसत. एवढा मोठा गवा, पण पाठमोरा अगदी लहान दिसे.

आणि एके सकाळी गाडी धडधडत निघून गेल्यावर, लांबून ब्रेकचा आवाज आला.

मास्तरांनी कान टवकारले. गाडी सिग्नलच्या पलीकडे उभी होती.

ते पळत सुटले. गवा पळाला तसा अनमोल ठेवा पायथ्यापासून हादरला आणि पुतळ्याचा एक कान पडला, पण मास्तरांनी वळून पाहिलं नाही. सिग्नलपलीकडे जाऊन पाहतात तो काय, घाणेरीच्या झुडपात घोरपडेमावशी आपल्या फळीला चिकटून बसल्या आहेत, इतके दिवस थंड पडलेली चूल आज पुन्हा पेटली आहे, आणि इंजिनातलं अस्वल खाली उतरून फुर्र फुर्र करत चहा पीत आहे.

अस्वलाचं म्हणणं साधं होतं. सरकबाबाला थांबायचं नाही, हे त्याला मान्य होतं. तो थांबतही नव्हता. पण चहावाचून त्याचे डोळे मिटत होते, आणि आज आल्याचा वास आला तेव्हा त्याने ब्रेक लावला नाही, तो आपोआप लागला.

एका सशाने हे पाहिलं. तो दबकत दबकत आला आणि डब्यात चढला. त्याच्यामागून आणखी ससे आले. चितळबाई आल्या. कोल्हीणबाई गठुळं घेऊन धापा टाकत आल्या, त्यांना मास्तरांनी शिंगावर उचलून दारात ठेवलं. कुणाचं शेपूट अडकलेलं नाही, तेही वाकून पाहिलं. मग ते तसेच उभे राहिले.

"आता कशाला थांबलात?" मावशींनी विचारलं. "दाखवा की झेंडा."

"इथे स्टेशन नाही, मावशी."

"मी कुठे म्हणते आहे? झेंडा दाखवा."

झेंडा खोलीत होता. मास्तरांनी घाणेरीची एक हिरवी फांदी तोडली आणि ती उंच धरली. गाडी हलली. मास्तरांना वाटलं, आपण ती खुराने अलगद पुढे ढकलली. त्यांचे डोळे भरून आले, पण आल्याचा ठसका लागला असं त्यांनी मावशींना सांगितलं.

तेव्हापासून गाडी रोज तिथे थांबू लागली. मास्तर रोज तिथे येऊ लागले. सरकबाबाला त्यांच्या जागी एक मोर नेमण्यात आला, तो पाहुण्यांना, पोचलेल्या पाहुण्यांना, चौथं प्रकरण नाचून दाखवतो. रावसाहेब तरसेही रोज सकाळी झुडपातूनच गाडी पकडतात. सारखे हसत असतात, पण त्याबद्दल कुठे एक शब्द बोलत नाहीत.

सगळं सुरळीत चाललं होतं. आणि एके दिवशी यमूताई सायाळ आल्या. नवी शाई घेऊन. त्यांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि त्यांच्या डोळ्यांत चमक आली.

"गवेमास्तर, या स्टेशनचं नाव काय? कधी सुरू झालं? कुणी स्थापन केलं?"

अस्वलाने घोट तसाच तोंडात धरला.

गवेमास्तरांनी शांतपणे चहाची बादली खाली ठेवली.

"स्टेशन कुठलं, ताई? ही चहाची टपरी आहे."

"मग ती गाडी?"

"तिलाही चहा लागतो," मास्तर म्हणाले, आणि ताईंनी शाईची दौत उघडायच्या आत त्यांनी हिरवी फांदी दाखवून टाकली.

तात्पर्य: खऱ्या इतिहासाने स्टेशन बंद पडतं आणि खोट्या इतिहासाने ते अमर होतं. गाडी थांबायला हवी असेल तर या दोन्हींच्या भानगडीत न पडता चहात आलं भरपूर घालावं. परीक्षेत मात्र, मुलांनो, पुस्तकात छापलं आहे तेच लिहा.